बाबांच्या रविवारी मटण तुम्ही करा, पण आणायला त्यांनाच न्या

पत्र: «बाबा एसटीतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली. आमच्याकडे रविवारचं मटण तेच करतात, आई फक्त भाकऱ्या टाकते. यंदा फादर्स डेला त्यांना स्वयंपाकघरात पाऊलही टाकू द्यायचं नाही असं ठरवलंय. यादी अशी: मटण रस्सा, सुकं मटण, बिर्याणी, सोलकढी, भाकरी, आम्रखंड आणि मँगो चीजकेक. खाणारी माणसं सहा, त्यांत एक चार वर्षांचा भाचा. मागच्या वेळी मी केलेलं मटण पाच शिट्ट्या होऊनही चिवट राहिलं, रश्श्याचं पाणी वर आणि मसाला खाली, शिवाय मीठ जास्त. बाबा "छान झालंय" म्हणाले आणि गुपचूप ताटलीत पाणी ओतून घेतलं. आम्रखंडही पातळ झालं होतं. बाबांना बीपीची गोळी आहे, शुगर काठावर आहे. आम्रखंड गुळाचं केलं तर चालेल का? — एक वाचक, धायरी»

आधी यादीला कात्री लावू. एक शेगडी, एक माणूस आणि सात पदार्थ, म्हणजे दुपारी तीनला जेवण आणि तोवर बाबा दोनदा आत येऊन "मी काही करू का" विचारणार. बिर्याणी काढा. तिला तुकडे वेगळे लागतात, मुरवण वेगळं लागतं, आणि रश्शाशेजारी ती ठेवली की दोन्ही अर्धवट खाल्लं जातं. सोलकढी मुळात कोकणातली, माशांच्या ताटातली. खानावळींनी मटणथाळीत घातली म्हणून आपल्याला सवय झाली, पण काळ्या मसाल्याच्या रश्शावर कांदा-लिंबू पुरतं. चीजकेक तर नकोच. आम्रखंड असताना दुसरं गार गोड कशाला?

उरलं ते दोन जेवणांत वाटा. दुपारी रस्सा, सुकं, भाकरी आणि थोडा इंद्रायणीचा भात. आम्रखंड रात्री, पुरी आणि बटाट्याच्या भाजीबरोबर. मटणावर दूध-दही नको असं मानणारी ही पिढी आहे. त्या दिवशी त्यावर वाद घालत बसू नका. आम्रखंड रात्री ठेवलं की तो प्रश्नच उरत नाही, आणि त्याला गार व्हायला दिवसभर मिळतो.

बाबांना स्वयंपाकघराबाहेर ठेवायचा बेत मात्र आम्हाला पटलेला नाही. जो माणूस वर्षानुवर्षं दर रविवारी मटण करतो, त्याला त्या दिवशी हॉलमध्ये पेपर देऊन बसवणं म्हणजे कौतुक कमी आणि शिक्षा जास्त. दुकानात त्यांना बरोबर न्या. खाटीक त्यांना ओळखतो, तुम्हाला नाही. तुकडे त्यांनी निवडावेत, शिजवणं तुमचं. आश्चर्याचा धक्का आम्रखंडात ठेवा. ते शुक्रवारपासून फ्रीजच्या मागच्या कोपऱ्यात गुपचूप होऊ शकतं.

"हे अमेरिकेतलं खूळ" असं ते म्हणतीलच, आणि ते खरंही आहे. १९१० मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन शहरात हा दिवस पहिल्यांदा पाळला गेला आणि १९७२ साली अमेरिकेच्या कायद्यात जूनचा तिसरा रविवार पक्का झाला. आपल्याकडे आईसाठी पिठोरी अमावास्या आहे, वडिलांच्या नावाची तिथी नाही. पण तारीख कोणीही ठरवलेली असो, वार रविवार आहे, आणि रविवार मटणाचा. फक्त आधी कालनिर्णय उघडून एकादशी किंवा चतुर्थी आलेली नाही ना, ते बघा. काही वर्षी ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्याही याच सुमारास पुण्यात असतात. घरात कोणी वारी करणारं असेल तर पुढचा एखादा रविवार धरा.

आता दुकान. सकाळी साडेसातच्या आत पोचा. नऊनंतर रांग रस्त्यावर येते आणि मग हवे ते तुकडे मिळत नाहीत, उरलेले मिळतात. घरी बोल्हाईचं पाळत असाल, म्हणजे फक्त मेंढीचंच मटण चालत असेल, तर तशी पाटी असलेलं दुकान लागेल. हे बाबांना माहीत असणारच. सहा जणांना सव्वा किलो घ्या. सगळी मांडी घेऊ नका. मांडीला मांस भरपूर असतं, पण नुसत्या मांडीचा रस्सा पांचट होतो. मांडी, पुढचा खांदा, थोडा सीना (छातीचा भाग), दोन-तीन चापा (बरगडीचे तुकडे) आणि दोन नळ्या असं मिक्स मागा. रश्शाला अंग येतं ते हाडं, चरबी आणि सांध्यांजवळच्या चिकट भागामुळे. मांस फिकट गुलाबी आणि चरबी पांढरी असेल तर बोकड कोवळं. मांस काळपट लाल आणि चरबी पिवळसर असेल तर जून. जून मटण वाईट नसतं, त्याला वेळ जास्त लागतो एवढंच. खाटकालाच विचारा, "किती वेळ लागेल शिजायला?" बाबा बरोबर असतील तर तो खरं सांगेल.

मागच्या वेळी पाच शिट्ट्या होऊनही चिवट का राहिलं? शिट्टी हे घड्याळ नव्हे. मोठ्या आचेवर पाच शिट्ट्या दहा मिनिटांतही होतात, आणि तेवढ्यात हाडाजवळचा चिवट भाग विरघळत नाही. तो नरम पडायला तापमानाइतकाच वेळ लागतो. म्हणून पहिली शिट्टी मोठ्या आचेवर होऊ द्या, मग आच अगदी बारीक करून मिनिटं मोजा. कोवळं असेल तर अठरा ते वीस, जून असेल तर तीस. गॅस बंद केल्यावर शिट्टी चमच्याने उचलून वाफ काढू नका. आतलं पाणी एकदम खळखळतं आणि तुकडे आक्रसतात. दहा-बारा मिनिटांत वाफ आपोआप जिरते.

तुकडे दोन पाण्यांतून धुवा आणि चाळणीत पूर्ण निथळू द्या. मग एक चहाचा चमचा हळद, दीड सपाट चहाचा चमचा मीठ आणि आलं-लसूण-कोथिंबिरीचं दोन पोह्याचे चमचे वाटण चोळून अर्धा तास ठेवा. कुकरमध्ये दोन पळ्या तेलावर एक बारीक चिरलेला कांदा गुलाबी करा आणि मटण घाला. इथे घाई करू नका. आधी मटणाला पाणी सुटतं, ते आटतं, मग तुकड्यांचा लाल रंग जाऊन ते बाहेरून करडे-पांढरे होतात आणि तळाशी तेल दिसू लागतं. याला आठ-दहा मिनिटं जातात. हे न करता पाणी ओतलं तर रश्शाला उग्र वास राहतो. नंतर सहा वाट्या उकळतं पाणी घाला (वाटी २०० मिलीची) आणि झाकण लावा. पाणी उकळतंच हवं. गार पाण्याने शिजणं मध्येच थांबतं. बाबा कुकरऐवजी पातेल्यात करत असतील, झाकणावर ताट ठेवून त्यात पाणी घालून, तर तसंही करा. ताटातलं तापलेलं पाणीच लागेल तसं आत ओतायचं. वेळ दीड ते दोन तास धरा.

झाकण उघडलं की तुमच्या हातात अळणी पाणी आहे, म्हणजे मसाल्याआधीचं मटणाचं पाणी. मसाला पडायच्या आधी दोन वाट्या बाजूला काढा. एक भाच्याची, त्यात भात कुस्करता येतो. दुसरी बाबांची, वर मिरपूड भुरभुरून. साडेदहा-अकराच्या भुकेला हे इतकं बरं वाटतं की जेवणाला थोडा उशीर झाला तरी कोणी काही बोलत नाही. तुकडा बोटांनी दाबून बघा. मांस हाडावरून सरकलं पाहिजे, पण गळून पडता कामा नये. अजून त्याला मसाल्यात पंधरा मिनिटं काढायची आहेत. कच्चं वाटलं तर आत्ताच पुन्हा झाकण लावून दहा मिनिटं द्या. एकदा वाटण पडलं की खोबरं तळाला धरतं, आपण घाबरून गॅस बंद करतो आणि मटण तसंच राहतं. चिवटपणाचं निम्मं कारण हेच असतं.

वाटण शनिवारी रात्रीच करून ठेवा. त्यात मटण नाही, त्यामुळे शनिवार पाळणाऱ्या घरातही अडचण नाही. लागेल ते असं: तीन मध्यम कांदे उभे चिरलेले, पाऊण वाटी किसलेलं सुकं खोबरं, पंधरा लसूणपाकळ्या, दोन पेरं आलं, मूठभर कोथिंबीर देठांसकट, दोन पोह्याचे चमचे धणे, एक चमचा तीळ, एक चमचा खसखस, पाच लवंगा, आठ मिरी, बोटाएवढी दालचिनी, एक मसाला वेलदोडा आणि चिमूटभर दगडफूल. सगळं वेगवेगळं भाजा, कारण प्रत्येकाचा वेळ वेगळा. तीळ आणि खसखस अर्ध्या मिनिटात तडतडतात, धण्यांना दोन मिनिटं लागतात. खोबरं मंद आचेवर बदामी झालं की लगेच ताटलीत काढा, कारण तापलेल्या कढईत ते गॅस बंद केल्यावरही भाजत राहतं. खोबरं काळं झालं तर ते टाका आणि नवं घ्या. जळक्या खोबऱ्याचा कडवटपणा गुळाने जात नाही, साखरेने तर नाहीच. उलट कांद्याला भीत भीत भाजू नका. दोन चमचे तेलात मध्यम आचेवर बारा-चौदा मिनिटं, कडा गडद तपकिरी होईपर्यंत. बहुतेक जण पाच मिनिटांत थांबतात आणि मग रस्सा गोडसर का लागतो म्हणून विचारतात.

आता वाटणाचा मऊपणा. तुमच्या रश्श्यात पाणी वर आणि मसाला खाली राहिला त्याचं कारण इथे आहे. आधी कोरडे मसाले आणि खोबरं पाण्याशिवाय फिरवा, पूड झाली की कांदा-लसूण-आलं-कोथिंबीर घाला, आणि मग अगदी थोडं थोडं पाणी घालत दळा. सुरुवातीलाच पाणी ओतलं तर खोबऱ्याचा किस पात्यांखाली न येता नुसता पोहत राहतो. चिमूट घेऊन अंगठा आणि तर्जनीमध्ये चोळा. रवा लागला तर अजून फिरवा, लोण्यासारखं सरकलं तर झालं. मिक्सर तापला तर पाच मिनिटं थांबा. डबाबंद करून फ्रीजमध्ये ठेवा.

रविवारी सव्वाअकराच्या सुमारास जाड बुडाच्या पातेल्यात तीन पळ्या तेल तापवा. वाटण घालून मध्यम आचेवर परता. आधी ते चरचरतं, अंगावर उडतं. मग आवाज बसतो, रंग एक छटा गडद होतो, गोळा कडा सोडून मध्ये जमतो आणि पातेल्याच्या कडेला तेलाचे मणी दिसतात. हे दहा-बारा मिनिटांचं काम आहे आणि त्याला पर्याय नाही. तळाला धरू लागलं तर डावभर अळणी पाणी शिंपडा. तेल सुटलं की गॅस बंद करा आणि मग अडीच ते तीन पोह्याचे चमचे कांदा-लसूण मसाला आणि रंगासाठी एक चमचा ब्याडगी मिरचीपूड घाला. गॅस चालू ठेवून घातलं तर तिखट काही सेकंदांत जळतं आणि रस्सा लालऐवजी मातकट होतो. मिरचीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही. कट, म्हणजे रश्शावरचा लाल तेलाचा तवंग, येतो तो याच अर्ध्या मिनिटात, नंतर वरून ओतलेल्या तेलाने नाही.

यातलं एक तृतीयांश वाटण बाजूच्या कढईत काढा, त्यात चापा आणि मांडीचे तुकडे घालून पाणी आटेपर्यंत परता. हे सुकं. वेगळं काही करायला लागत नाही. उरलेल्यात नळ्या, सीना, खांद्याचे तुकडे आणि सगळं अळणी पाणी घाला. हवा तेवढा पातळपणा उकळत्या पाण्याने आणा. उकळी फुटली की आच बारीक करा आणि अर्धवट झाकण ठेवून बारा मिनिटं. बारा वाजता गॅस बंद करून झाकून ठेवलात तर एकपर्यंत कट आपोआप वर येतो. चमचा घालून ढवळत राहू नका.

मिठाचं आता. तुम्ही मुरवताना मीठ घातलं असणार, रश्शात पुन्हा घातलं असणार आणि वर बाजारचा मसाला. बऱ्याच तयार कांदा-लसूण मसाल्यांत मीठ असतंच. पाकिटावर घटक वाचा, सुटा आणला असेल तर जिभेवर ठेवून बघा. शिवाय सुकं आटतं, म्हणजे त्यातलं मीठ गोळा होतं. म्हणून मुरवतानाच्या दीड चमच्यानंतर मिठाला हात लावायचा तो थेट रश्शाला उकळी आल्यावर, तोही अर्ध्या अर्ध्या चमच्याने. तरीही जास्त झालंच तर बटाटा घालू नका. बटाटा स्वतःपुरतं खारट पाणी शोषतो, रस्सा तेवढाच खारट राहतो. दोन वाट्या साधं उकळतं पाणी आणि ठेवणीतलं दोन चमचे वाटण घालून पाच मिनिटं उकळा. म्हणूनच शनिवारी सगळं वाटण न वापरता थोडं राखून ठेवायचं. आणि चव बघायला बाबांनाच बोलवा. बीपीचा माणूस आहे, त्यांना कमी लागलं तर ताटात लिंबू पिळतील. पण पुन्हा पाणी ओतून घ्यायची वेळ येणार नाही.

भाकरी त्या दिवशी शिकायला घेऊ नका. आई टाकत असेल तर टाकू द्या, नाहीतर शनिवारीच जवळच्या पोळी-भाजी केंद्रात बारा ज्वारीच्या भाकऱ्या सांगून ठेवा. स्वतःच करायच्या असतील तर दोन गोष्टी. पीठ पंधरा दिवसांच्या आतलं हवं, कारण विरी (चिकटपणा) गेलेल्या पिठाची भाकरी थापताना कडेने फाटते आणि मग हाताला दोष येतो. आणि पाणी उकळतं घ्या. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, गरम पाण्याने पिठातला स्टार्च चिकट होतो तोच काय तो आधार. एका भाकरीपुरतंच पीठ मळा. तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवा आणि ते पूर्ण वाळायच्या आत उलटा. वाळू दिलं तर तडे जातात आणि पापुद्रा फुगत नाही.

भाताला इंद्रायणी घ्या. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ मध्ये आणलेलं हे वाण शिजल्यावर थोडं चिकट होतं, आणि रस्सा-भाताला तेच हवं. बासमतीचे सुटे दाणे इथे कामाचे नाहीत. दोन वाट्या तांदूळ धुऊन वीस मिनिटं निथळत ठेवा, चार वाट्या पाणी, पातेल्यात मंद आचेवर. तांदूळ जुना असेल तर अर्धी वाटी पाणी जास्त.

आता तुमचं गुपित, आम्रखंड. पातळ का झालं याची चार कारणं असू शकतात आणि बहुधा एकाहून जास्त एकत्र आली असतील: चक्का पुरता निथळला नव्हता, साखर घालून लगेच वाढलं, मिक्सरमधून काढलं, किंवा आमरस तसाच ओतला. साखर चक्क्यातल्याच पाण्यात विरघळते, म्हणून कोरडा दिसणारा चक्काही सैल पडतो. मिक्सरची पाती दह्याची वीण मोडतात आणि ते पुन्हा घट्ट होत नाही. आणि आंब्याच्या पाच भागांत चारांहून जास्त पाणीच असतं, ते सगळं तुम्ही आत सोडलं.

शुक्रवारी रात्री दीड लिटर म्हशीचं दूध, सायीसकट, विरजा. दूध बोटाला सोसेल इतपत कोमट हवं आणि विरजण दीड चमचा, गोड दह्याचं. जूनच्या उकाड्यात दही लवकर लागतं, सकाळी उठल्याबरोबर बघा आणि आंबट व्हायच्या आत हलवा. मलमलच्या फडक्यात बांधून चाळणीत ठेवा, खाली पातेलं, वर वजन म्हणून पाण्याने भरलेला तांब्या. हे सगळं फ्रीजमध्ये. नळाला टांगलेला चक्का या दिवसांत संध्याकाळपर्यंत आंबतो, आणि मग तो आंबटपणा झाकायला साखर वाढत जाते. मध्ये एकदा फडकं उघडून गोळा उलटा करा, नाहीतर बाहेर कोरडा आणि मध्ये ओला राहतो. शनिवारी रात्री साधारण पाचशे ग्रॅम चक्का हाती येईल. बोट दाबलं तर खड्डा तसाच राहिला पाहिजे. हे करायला वेळ नसेल तर डेअरीतून चक्का आणा, त्यात कमीपणा नाही. फक्त तोही रात्रभर फडक्यात ठेवा.

जूनच्या मध्यापर्यंत रत्नागिरीचा हापूस जवळजवळ संपलेला असतो, आणि पाऊस लागल्यावर आलेला फळ कापेपर्यंत भरवशाचा नसतो. केसर घ्या, किंवा जुन्नरकडचा उशिरा येणारा हापूस मिळाला तर तो. तीन आंब्यांचा रस चाळणीतून गाळा, म्हणजे धागे राहणार नाहीत. निर्लेप कढईत मंद आचेवर पंधरा मिनिटं आटवा, चमच्याला जाड लेप बसेपर्यंत. पूर्ण गार करा. गरम रस चक्क्यात गेला तर स्निग्धांश वितळतो आणि तेलकट चकाकी येते.

शनिवारी रात्रीच चक्क्यात २२५ ग्रॅम पिठीसाखर हाताने कालवून झाकून ठेवा. दुकानात साखर चक्क्याइतकीच असते, घरी एवढी लागत नाही, आणि आटवलेला रसही गोड असतो. रविवारी सकाळी, बाबा अंघोळीला गेले की पुरणयंत्रातून किंवा बारीक चाळणीतून फिरवा आणि मग एक वाटी आटवलेला रस चमच्याने दोन वेळा करून मिसळा. भांडं स्टीलचं किंवा काचेचं, पितळ आणि अ‍ॅल्युमिनियम नको. वेलची घालू नका, आंब्याचा वास मारते. चिमूटभर मीठ मात्र घाला. मग सरळ फ्रीजमध्ये, रात्रीपर्यंत.

गुळाचं करण्यात अर्थ नाही. गूळ म्हणजे मुख्यतः साखरच, रंग आणि वास निराळा. रक्तातली साखर त्यानेही वाढते, आणि "गुळाचं आहे" म्हणून माणूस दोन वाट्या जास्त खातो. बाबांसाठी वेगळं शुगर-फ्री करून त्यांना आजारी असल्याची आठवणही करून देऊ नका. सगळ्यांना सारख्याच लहान वाट्या मांडा, चटणीच्या वाटीहून थोड्या मोठ्या, दोन-तीन चमचे मावतील अशा. पुरी दोनच, भाजी भरपूर, आणि गोड जेवणाबरोबर, रिकाम्या पोटी नाही. किती चालेल यावर त्यांच्या डॉक्टरांनी काही सांगितलं असेल तर तोच शब्द शेवटचा.

आणि हो, शुक्रवारी सिलिंडर उचलून बघा. तो संपायला रविवारी बाराचाच मुहूर्त काढतो.

उरलेला रस्सा जेवणं झाल्यावर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेला पाहिजे, या हवेत रात्रीपर्यंत ओट्यावर ठेवू नका. घरात सोमवार पाळत असाल तर तो मंगळवारी, चांगला खळखळून उकळा. बाबांच्या ताटात शिळी भाकरी कुस्करून वर तो ओता, आणि या वेळी त्यांचा हात तांब्याकडे जातो की पुन्हा रश्शाकडे, तेवढं बघा.